अर्धी शाई संपली की पेन ओकतं, तेव्हा कुठे बघायचं

"अरे, तुझं पेन परत ओकलं बघ."

बाईंचा फोन. पाचवी ते सातवी त्यांनी मला मराठी शिकवलं. त्यामुळे मी करून दिलेलं पेन त्या वापरत नाहीत, तपासतात. तपकिरी-केशरी शिरांच्या एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन, टोपणाच्या डोक्यावर त्यांच्या वडिलांच्या मोडक्या पेनातला मोरपंखी सेल्युलॉइडचा तुकडा. दिसायला झकास झालं होतं. पण तिसऱ्यांदा तीच तक्रार: भरलं की चार दिवस सुरेख लिहितं, शाई अर्ध्याखाली गेली की कधीतरी अचानक निबेच्या टोकाला टपोरा थेंब जमतो आणि पडतो. या वेळी पदरावर पडला होता.

ड्रॉपरने थेट टाकीत शाई भरायची पेनं घरी किंवा छोट्या लेथवर जे जे करतात, त्या सगळ्यांना ही तक्रार कधी ना कधी ऐकावी लागते. आपल्याकडे हातघडणीच्या पेनांची घडण पहिल्यापासून हीच. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी पाठवलेल्या पेनाबद्दल गांधीजींनी 1935 साली वर्ध्याहून आभाराचं पत्र लिहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे असं कळवलं, ती स्वदेशी पेनंही याच कुळातली: एबोनाइटचा दांडा, आतून पोकळ, त्या पोकळीतच शाई. रबराची पिशवी नाही, पिस्टन नाही. बिघडायला काहीच नाही, असं आपण गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगतो. मग फोन येतो.

कोल्हापुरात उद्यमनगरात दिवसभर मी दुसऱ्यांचे जॉब काढतो आणि संध्याकाळी त्याच लेथवर पेनं. पहिली दोन वर्षं अशी तक्रार आली की मी सरळ निब बदलायचो. गिऱ्हाईक खूश, आठवड्याने पुन्हा हजर. निबेचा दोष क्वचित असतो. शाई कुठून येते ते आधी शोधायचं, हात मग लावायचा.

त्यासाठी माझी एक चाचणी आहे, खर्च शून्य. पेन धुऊन पूर्ण कोरडं करा. टाकीचा तिसरा हिस्सा भरेल इतकंच पाणी घ्या आणि रंग कळावा म्हणून त्यात चार थेंब शाई टाका. निबेचा भाग जिथे टाकीला आट्यांनी बसतो त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा. टोपण काढून पेन निब खाली करून एका ग्लासात उभं ठेवा, तळाशी कोरा कागद. अर्धा तास हात लावू नका. ऊन नको, पंख्याखाली नको.

अर्ध्या तासाने पट्टी रंगली असेल तर सांधा गळतोय. पट्टी कोरडी पण पकडीवर, म्हणजे बोटं धरतात त्या भागावर, ओल दिसत असेल तर तडा शोधा. या दोन्ही जागा कोरड्या आणि तरी खालच्या कागदावर थेंब पडत असतील तर टाकीत कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय: मागचं बूच चिकटवलेलं असेल तर तिथून, नाहीतर निबेखालची जीभ सैल आहे म्हणून तिच्या कडेने. आणि काहीच झालं नाही, सगळं ठणठणीत कोरडं, तर आता टाकी मुठीत धरा. निब खालीच. दोन मिनिटं. आत्ता थेंब पडला तर समजा, खरं ओकणं ते हे.

सांध्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आणि चूक बहुतेक वेळा आपलीच. आपल्याला वाटतं शाई आटे अडवतात. आटे फक्त दाबून धरतात. शाई अडते ती टाकीचं तोंड आणि पकडीचा खांदा जिथे एकमेकांना सपाट टेकतात तिथे. ती दोन तोंडं काटकोनात नसतील तर कितीही आवळा, एका बाजूला केसाइतकी फट राहणारच. टूलरूमवाले ब्ल्यू मारून बघतात तसं मी साध्या मार्करने करतो. खांद्यावर पातळ रंग लावायचा, पेन आवळायचं, उघडायचं. टाकीच्या तोंडावर रंगाचं पूर्ण कडं उमटलं तर उत्तम. चंद्रकोर उमटली तर पुन्हा लेथवर चढवा आणि तोंड मारून, म्हणजे सपाट कापून, घ्या. आणखी एक: खांद्याच्या मुळाशी शेवटचा अर्धा आटा अपुरा राहतो, तो आधी अडतो आणि खांदा टेकतच नाही. तिथे पातळ खाच मारून ठेवायची सवय लावा. भोक, आटे आणि तोंड ही तिन्ही कामं जॉब लेथच्या चकमध्ये एकदा बांधला की त्याच बांधणीत उरकायची. जॉब चकमधून काढून परत बांधला की काटकोन गेला.

यानंतर सिलिकॉन ग्रीस, आट्यांवर पातळ हात. व्हॅसलिन लावू नका. पेट्रोलियमच्या वस्तूंनी काही रबरांची ओ-रिंग, म्हणजे सांध्यात बसवायचं गोल कडं, फुगते, मऊ पडते आणि महिनाभराने सांधा पहिल्यापेक्षा जास्त गळतो. नळवाल्याचा पांढरा टेप एखाद्या रात्रीपुरता चालेल, पण टेप लावून पेन विकणाऱ्याला माझ्या दुकानात चहा मिळत नाही.

जुन्या सेल्युलॉइडचा मामला वेगळा. मुंबईत पेनांचा एक कारखाना बंद पडला, तिथला जुना माल फिरत फिरत माझ्यापर्यंत आला: हिरव्यात मोतिया पट्ट्यांचे दहा-बारा दांडे. लेथवर घेतले की खोलीभर कापराचा वास. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचंच ते मिश्रण, कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो आणि दांडा आकसत राहतो. मला वाटलं, इतका जुना माल, आकसायचा तो आकसून झाला असेल. पण दांड्याच्या गाभ्यातला कापूर तसाच अडकलेला असतो. आपण मधोमध भोक पाडतो तेव्हा त्याला पहिल्यांदा वाट मिळते. त्यातल्या एका दांड्याचं पेन मी आठवड्यात पुरं करून दिलं, सांधा आरशासारखा बसवून. दोन-अडीच महिन्यांनी परत आलं तेव्हा मार्करचं कडं पुन्हा चंद्रकोर झालं होतं आणि टाकीचं तोंड व्हर्नियरला किंचित लंबगोल लागत होतं. आता सेल्युलॉइड असेल तर मी बाहेरून एक मिलिमीटर जाड ठेवतो, आतून भोक पाडतो, चिठ्ठीवर तारीख लिहून फळीवर टाकतो आणि दोन-तीन महिने विसरतो. आटे आणि तोंड शेवटी. गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल तर त्याला अ‍ॅक्रिलिक दाखवतो. (सेल्युलॉइडचा कीस लेथखाली साठू देऊ नका. तो नुसता जळत नाही, भडकतो. ग्राइंडर चालू असताना तर मी तो दांडा कपाटातून बाहेरसुद्धा काढत नाही.)

तड्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात माझीच अक्कल कमी पडली. रंगीत अ‍ॅक्रिलिकच्या पकडीत आटे पाडून झाले की तेल राहू नये म्हणून मी स्पिरिटने पुसायचो. चकचकीत निघायचं. काही दिवसांनी आट्यांच्या मुळाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, आणि त्यातून निळं पाझरणं. ताण आलेल्या अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लागलं की अशा चिरा जातात. आता भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. चिरा पडलेली पकड दुरुस्त होत नाही, नवी करायची.

जीभ. निबेखाली असते ती, जिला कॅटलॉगवाले फीड म्हणतात. तिच्या पाठीवर एक बारीक खाच असते, तिच्यातून शाई खाली येते आणि हवा वर जाते. पोटाला माशाच्या कल्ल्यांसारख्या आडव्या चिरा असतात. या चिरांचं काम एकच: टाकीतून शाई गरजेपेक्षा जास्त आली तर ती तात्पुरती धरून ठेवायची. ओकण्याविरुद्ध पेनात असलेली ही एकमेव अंगभूत सोय आहे. म्हणून या चिरा एरवी रिकाम्या राहिल्या पाहिजेत, पण जास्तीची शाई आली की तिला आत घेण्याइतक्या ओल्याही व्हायला हव्यात. नव्या प्लास्टिकच्या जिभेला साच्याचं तेल असतं, एबोनाइटच्या जिभेला आपलं कापायचं तेल. दोन्ही ब्रशने घासून धुवा. एबोनाइटची जीभ शाईला जास्त धरते, म्हणून जिथे जमेल तिथे मी तीच बसवतो.

नुसती दाबून बसवायची जीभ असेल तर पकडीचं भोक थोडंही मोठं झालं की कडेने हवा घुसते, आणि अर्धा तास न शिवता ठेवूनही पेन टपकत राहतं ते यामुळे. भोक मोठं झालं तर पकड टाकून द्या, जिभेला प्लास्टिक गुंडाळून बसवू नका. जीभ आणि निब यांच्यात उजेड दिसत असेल तर मात्र इलाज आहे. कडक गरम पाणी, उकळतं नको. निब आणि जीभ पकडीतून बाहेर काढून अर्धा मिनिट पाण्यात धरा, एबोनाइट मऊ पडतं. मग अंगठ्याने जीभ निबेवर दाबून थंड होईपर्यंत धरा. पकडीसकट बुडवू नका. जुन्या काळ्या एबोनाइटला गरम पाणी लागलं की ते हिरवट-तपकिरी होतं, आणि तो रंग परत आणायला नुसतं पॉलिश पुरत नाही, वरचा थर उतरवावा लागतो.

आता बाईंचं पेन. सांधा कोरडा, तडा नाही, जीभ घट्ट, अर्धा तास उभं राहून थेंब नाही. मुठीत धरलं आणि दुसऱ्या मिनिटाला थेंब जमला.

त्या टाकीचं भोक साडेआठ मिलिमीटर आणि खोली 60 मिलिमीटर होती, म्हणजे जवळजवळ 3.4 मिली शाई मावते. एक तृतीयांश शाई उरली की वर सव्वादोन मिली हवा. खोलीत 25 अंश असताना तळहाताच्या उबेने ही हवा सहा अंशांनी जरी तापली तरी दोन टक्के फुगते. त्यात शाईतल्या पाण्याची वाफ वाढते ती वेगळी, ती आणखी एखादा टक्का भर घालते. मिळून 0.07 मिलीच्या आसपास जागा हवेला जास्त लागते. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 मिली. म्हणजे दीड थेंब शाईला बाहेरची वाट धरावी लागते. कल्ले मोकळे असतील तर ते हा दीड थेंब जिरवतात. आधीच भरलेले असतील तर तो वहीवर. टाकी भरलेली असताना हवाच नसते, म्हणून भरलेलं पेन शहाण्यासारखं वागतं आणि दोष नेमका चार दिवसांनी उगवतो.

इथे एका समजुतीबद्दल बोललं पाहिजे. "एबोनाइट उष्णता नेत नाही म्हणून ओकत नाही, अ‍ॅक्रिलिक ओकतं" असं सगळे सांगतात, मीही सांगायचो. उष्णता वाहून नेण्यात ही दोन्ही जवळपास सारखीच मंद आहेत. जुनी एबोनाइट पेनं कमी ओकतात कारण त्यांची भिंत जाड, भोक लहान आणि जीभ एबोनाइटची. मी हौसेने जास्त शाई मावावी म्हणून बाईंच्या पेनाचं भोक मोठं केलं होतं. एबोनाइट असूनही ते ओकत होतं, ते त्या हौसेपायी.

मग मी बुश मारला. काळ्या एबोनाइटची पातळ नळी काढली, टाकीत इपॉक्सीने बसवली आणि भोक साडेसहा मिलिमीटरवर आणलं. भिंत सव्वादोनची सव्वातीन झाली, क्षमता 2 मिलीवर आली. इपॉक्सी 24 तास वाळू दिलं, पाणी भरून रात्रभर उलटं ठेवलं, मूठ-चाचणी तीनदा केली. कोरडं. निर्धास्त मनाने पेन परत दिलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "परत ओकलं. पण कमी."

हे "कमी" मला झोपू देईना. भेटायलाच गेलो आणि वहीच बघितली. बाई रोज डायरी लिहितात, डाग पडला की त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करतात (सवय!) आणि खाली तारीख असतेच. चार डाग. चारही त्या रत्नागिरीला लेकीकडे राहून परतल्या त्या दिवशीचे. जातानाच्या पानांवर एकही नाही. बसमध्ये पिशवीतही डाग नाही. घरी येऊन टोपण फिरवलं की थेंब.

रत्नागिरी समुद्रकाठी, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर. आंबा घाट चढून वर आलं की हवेचा दाब जवळपास सात टक्क्यांनी उतरतो आणि टाकीतली हवा तितकीच फुगू बघते. मुठीच्या उबेच्या दुप्पट! पहिल्या भोकाच्या हिशोबाने तीन थेंब. बाईंच्या पेनाचं टोपण आतून घट्ट बसणारं, त्यामुळे प्रवासभर दाब आतच कोंडून राहायचा आणि घरी टोपण सैल झालं की एकदम सुटायचा. घाट उतरताना उलटं होतं, बाहेरची हवा निबेतून आत ओढली जाते, शाई हलत नाही. मी खोलीत बसून कितीही चाचण्या घेतल्या असत्या तरी हे सापडलं नसतं.

यावर बुश पुरत नाही, सवय लागते. घाट चढण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरा किंवा रिकामी करा, अर्धी ठेवू नका. वर आल्यावर टोपण उघडताना निब आकाशाकडे धरा आणि सावकाश फिरवा, म्हणजे निबेपाशी शाईऐवजी हवा असते आणि ती निमूट निघून जाते. विमानात तर दाब याच्या तिप्पट उतरतो, तिथे पेन भरलेलं किंवा कोरडंच. हे सगळं ज्याला झेपणार नाही त्याला मी कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी, बसवून देतो. त्यात शाई मिलीभरही मावत नाही, पण हवाही तितकीच कमी. जपानी ड्रॉपर पेनांतली युक्ती याहून देखणी आहे: मागच्या घुंडीला जोडलेला लांब दांडा, घुंडी आवळली की त्याचं टोक टाकी आणि जिभेमधली वाट बंद करतं. मी एकदा करून पाहिलं. दांडा सरळ राहीना, मागच्या सीलमधून गळायला लागलं, आणि ओकणाऱ्या एका जागेच्या दोन झाल्या. पुन्हा करीन, पण गिऱ्हाइकाच्या पेनावर नाही.

बाईंना निब वर धरायचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे दोष पेनात नव्हता, माझ्यात होता का रे?" मी म्हटलं, "घाटात होता, बाई." त्यावर त्या हसल्या, पण शाई आता दोन दिवस आधी संपते ही नवी तक्रार त्यांनी तिथल्या तिथे नोंदवली.

टोपणाचं एक राहिलं. टोपणाच्या आत पकडीवर टेकणारं एक कडं असतं, ते लवकर चिकटत असेल तर टोपण फिरवत बाहेर काढताना पिचकारीसारखी ओढ बसते आणि शाई बाहेर खेचली जाते. इथे घाटाची गरज नाही, घरातल्या घरात होतं. ओळखायचं कसं: टोपण निघताना हलका "टप" आवाज येतो आणि टोपणाच्या आत शाईची कडी दिसते. मी टोपणाला तीन तोंडांचे, म्हणजे तीन ठिकाणांहून सुरू होणारे, आटे पाडतो, सव्वा फेऱ्यात उघडतं. टोपण लावताना त्यातल्या शेवटच्या पाव फेऱ्यातच आतलं कडं टेकलं पाहिजे, त्याआधी नाही. लवकर टेकत असेल तर कड्याचं तोंड थोडं थोडं मारत जा आणि दर वेळी लावून बघा, एकदम मारू नका.

टोपणाला बारीक भोक पाडा म्हणजे ओढच बसणार नाही, असा सल्ला कुणीतरी देईलच. मी माझ्या स्वतःच्या पेनाला अर्ध्या मिलिमीटरचं पाडलं होतं. ओढ थांबली. एप्रिलमध्ये रोज सकाळी निब कोरडी, पहिलं अक्षर उमटायला चार वेळा गिरवायचं. मेण भरून ते भोक बुजवलं आणि आतलं कडं पाऊण मिलिमीटर मागे घेतलं.